आठ जणींचं एक आतडं

धोंडाबाई आमच्या विभागात पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी नमस्कार केला नाही, नंबर कितवा ते विचारलं नाही, डॉक्टर आलेत का तेही विचारलं नाही. दारात उभ्या राहून एवढंच म्हणाल्या, "संडास कुठंय?" मी बोट दाखवलं. त्या जाऊन आल्या, खुर्चीत टेकल्या, पदरानं कपाळ पुसलं आणि मग म्हणाल्या, "हां, आता बोल."

हे 'बोल' मला जरा लागलंच. मी तेजस्विनी, जीवशास्त्रात एम.एस्सी., नाशिकमधल्या एका रुग्णालयात संशोधन सहायक आणि स्वभावानं तापट. मोठ्या आतड्याला सूज येऊन आतून जखमा होतात अशा रुग्णांचं रक्त, शौचाचे नमुने आणि दुर्बिणीतून काढलेले आतड्याचे कणभर तुकडे गोळा करायचे, हे माझं काम. माझी आई नातेवाइकांना "तेजू लॅबमध्ये असते" इथपर्यंत सांगते आणि विषय बदलते. असलं काम निमूटपणे करणाऱ्या मुलीला लोकांनी निदान 'मॅडम, बोला' म्हणावं, अशी माझी माफक अपेक्षा असते. धोंडाबाईंनी ती शेवटपर्यंत पुरी केली नाही.

बाई उंच, काटक, बावन्न वर्षांच्या. माहेर चांदवडकडचं, कांद्याच्या पट्ट्यातलं. लग्न होऊन निफाडजवळच्या गावात आल्या तेव्हा द्राक्ष म्हणजे आजारी माणसाला बघायला जाताना न्यायची वस्तू, एवढंच त्यांना माहीत होतं. सासरी बघतात तर गावाभोवती सगळीकडे तीच वस्तू लटकलेली. पहिल्या वर्षी त्यांनी बागेत नुसता पालापाचोळा गोळा केला. दुसऱ्या वर्षी हातात छोटी कात्री आली आणि विरळणी शिकल्या. द्राक्षाच्या घडात मणी गर्दी करून येतात. ते तसेच ठेवले तर एकही धड फुगत नाही, आतून कुजायलाही लागतात. म्हणून मणी बारीक असतानाच घडाच्या पोटात कात्री घालून मधले मणी काढायचे, म्हणजे राहिलेल्यांना जागा मिळते. सकाळी आठपासून संध्याकाळपर्यंत, मान वर, हात वर, वेलीखाली उभं राहून. धोंडाबाईंचा हात असा बसला की दहा वर्षांत त्या टोळीच्या मुकादम झाल्या. आठ बायकांची टोळी, त्यांच्यासकट. आसपासचे बागाईतदार वेलीवर घड दिसायच्या आधी धोंडाबाईंच्या दारात दिसायचे.

आणि दोन वर्षांपूर्वी पोट बिघडलं. दिवसातून आठ वेळा, दहा वेळा, रक्त पडतंय, कळ येतेय. बागेत संडास नसतो, बांध असतो. बांधापलीकडे ऊस असला तर नशीब. धोंडाबाईंनी कुणाला काही सांगितलं नाही. टोळीला सांगितलं, शुगर आहे. गेल्या हंगामाच्या शेवटी मालक म्हणाला, "आक्का, तुमची टोळी हाताला लय चांगली. पन सारखी बांधाकडं पळती. औंदा एक हंगाम बघतो, नाय तर दुसरी मुकादम बघावी लागंल." सातपूरला कंपनीत असलेल्या मुलानं, संतोषनं, शेवटी त्यांना धरून आमच्याकडे आणलं.

"हे बघ," धोंडाबाई मला म्हणाल्या, "डिसेंबरात विरळणी लागंल. तवर मला उभं ऱ्हायचंय. टोळीच्या पुढं, दिवसभर, जागा न सोडता. बाकी तुमचं काय असंल ते असू द्या."

तेव्हा ऑगस्ट होता. मला चार महिने भरपूर वाटले.

आमच्या अभ्यासात यायचं तर संमतीपत्रावर सही लागते, आणि सहीआधी सगळं मराठीतून समजावून सांगायचं असा नियम आहे. छापील पत्रकाचं मराठी असं आहे की ते वाचून मलाच संमती द्यावीशी वाटत नाही. म्हणून मी माझं एक भाषण बसवलं होतं. त्याचा मला फार अभिमान होता. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढे जे झालं त्याला हे भाषणच कारणीभूत आहे.

"मावशी," मी सुरुवात केली, "आतड्याला आतून एक अस्तर असतं. एका पेशीच्या जाडीचं. पेशी एकमेकींना खेटून उभ्या असतात, म्हणजे पोटातले जंतू पलीकडे जात नाहीत. प्रत्येक पेशीत एक मूळ पोथी असते, कुलपात ठेवलेली. काही बनवायचं असेल तर पोथीतून तेवढी चिठ्ठी निघते. तुमच्या पेशींतून सारखी एकच चिठ्ठी निघतेय, की शत्रू आला, सूज आणा. शत्रू नसला तरी."

"कोन धाडतंय?"

"ते नक्की कुणालाच माहीत नाही."

"बरं. म्होरं."

"आता या चिठ्ठ्यांवर नजर ठेवणारे बारीक बारीक तुकडे असतात. त्यांना मायक्रोआरएनए म्हणतात. बावीसेक अक्षरांचा एकेक. ते स्वतः काही बनवत नाहीत. चिठ्ठी दिसली की जाऊन तिला चिकटायचं, तिला वाचू द्यायचं नाही, नाहीतर ती फाडायची, एवढंच काम. त्यातले काही सुजेच्या चिठ्ठ्या अडवतात. काही अस्तराच्या पेशींना पुन्हा घट्ट जुळायला आणि जखम भरायला मदत करतात. काही उलट्या काळजाचेही असतात, सूज वाढवणारे. कोण किती आहेत ते आम्ही मोजतो."

धोंडाबाईंनी डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं. "म्हंजी विरळणी."

तीन वर्षं मी या विषयावर लोकांना पोथ्या आणि चिठ्ठ्या सांगत होते, आणि या बाईनं एका शब्दात ते बागेत नेऊन ठेवलं. आनंद झाला आणि थोडी जळलेही.

"तसंच," मी म्हणाले.

"पन एका घडाला कात्री लावून काय व्हतंय? शेजारच्याला कोन लावनार?"

हा प्रश्न मला एकाही डॉक्टरनं विचारला नव्हता. मी चेवानं सांगायला लागले. "पेशी कंजूष नसते, मावशी. हे तुकडे ती एका बारीक पुडीत बांधते आणि शेजारच्या पेशीला देते. शेजारीण शांत झाली की अस्तराचा तेवढा भाग शांत होतो."

"वाटून घेत्यात."

"अगदी बरोबर."

"मंग चांगल्या घरच्या हायेत," धोंडाबाई म्हणाल्या, आणि चौथीपर्यंतच्या शिक्षणाला जागून एक एक अक्षर सुटं काढत त्यांनी सही केली. त्या दिवशी जेवताना मी हा किस्सा तीन जणांना सांगितला.

आमचे डॉक्टर रोहित सर. त्यांनी दुर्बिणीनं तपासणी केली आणि या आजारावर पहिल्यांदा देतात त्याच नेहमीच्या गोळ्या लिहून दिल्या. रोज चार, एकदमच, दुपारच्या जेवणाबरोबर. "गिळायच्या," सरांनी बजावलं, "चावायच्या नाहीत." धोंडाबाईंनी मान डोलावली. दर महिन्याला रिकामी पाकिटं आणून दाखवायची, म्हणजे गोळ्या घेतल्याचं कळतं, हेही त्यांनी समजून घेतलं.

सप्टेंबरात त्या पाकिटं घेऊन आल्या. सगळी रिकामी, एकावर एक रचून रबर लावलेली. माझ्या सगळ्या रुग्णांत इतकी शिस्त कुणाचीच नव्हती. मी फॉर्मवर 'शंभर टक्के' लिहिलं. पण रक्त तसंच पडत होतं, फेऱ्या तितक्याच होत्या. शौचाच्या नमुन्यातला सुजेचा आकडा तर आधीपेक्षा वाढलेला. ऑक्टोबरच्या मध्यात पुन्हा तेच. पाकिटं रिकामी, रबर लावलेलं, आणि ज्या दोन-तीन मायक्रोआरएनएंवर आमचा डोळा होता ते जिथल्या तिथे, तळाला.

रोहित सर अहवाल बघून म्हणाले, "यांना गोळी लागूच पडत नाही. पुढचं औषध सुरू करावं लागेल, इंजेक्शन. त्यानंही नाही जमलं तर ऑपरेशनचा विचार करू. मोठं आतडं काढावं लागतं कधीकधी."

धोंडाबाईंनी इंजेक्शनबद्दल काही विचारलं नाही. ऑपरेशनबद्दलही नाही. "आन डिसेंबर?" त्यांनी विचारलं.

"डिसेंबर विसरा आता," सर म्हणाले. सर वाईट नाहीत, त्यांच्या दाराबाहेर चाळीस माणसं बसलेली होती.

धोंडाबाई उठल्या आणि संडासाकडे गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत. आल्या तेव्हा डोळे लाल होते. मला म्हणाल्या, "मुकादम नाय ऱ्हायले तं मी कोन ग? घरात बसलेली म्हातारी." मी पाण्याची बाटली दिली, तर त्यांनी ती घेतली आणि न पिता पिशवीत ठेवली. बसमध्ये पाणी प्यायलं की पंचाईत होते, हे मला नंतर कळलं.

इंजेक्शनाआधी खाण्यापिण्याची एक लांबलचक प्रश्नावली भरायची असते. ती मी फोनवरही भरून घेतली असती. पण मला स्वस्थ बसवेना. शंभर टक्के गोळ्या घेणारी बाई तसूभरही बरी होत नाही म्हणजे काय, हा मला स्वतःचा अपमान वाटत होता. म्हणून दिवाळीनंतरच्या आठवड्यात मी निफाडची बस धरली आणि तिथून रिक्षानं त्यांच्या गावाला गेले. घरी कळलं, आक्का बागेत आहेत.

छाटणी होऊन वेली फुटल्या होत्या. घड न धरलेल्या फांद्या खुडायचं काम चाललं होतं. मी पोचले तेव्हा नेमकी जेवणाची वेळ. बांधावरच्या लिंबाखाली एक जुनं लुगडं अंथरलेलं, त्याच्याभोवती आठ बायका. धोंडाबाईंनी मला बघितलं आणि त्यांचा चेहरा एकदम कसनुसा झाला. "ह्या नाशिकच्या म्याडम," त्यांनी ओळख करून दिली, "शुगरच्या." माझ्याकडे त्यांनी असं बघितलं की मी मुकाट्यानं शुगरची झाले.

त्यांची जेवायची एक पद्धत आहे. आपापला डबा आपण खायचा नाही. सगळ्या भाज्या मधोमध येतात, भाकरी मोडून एकत्र, आणि प्रत्येकीनं प्रत्येकीचं थोडं थोडं घ्यायचं. कुणी आंब्याची एक फोड आणली तरी तिचे आठ वाटे होतात. एकटीनं काही तोंडात टाकणं म्हणजे टोळीतून उठून गेल्यासारखं. मलाही वांग्याची भाजी, ठेचा, कुणाच्या तरी घरची उरलेली शंकरपाळी असं सगळं मिळालं. धोंडाबाई स्वतः मात्र कोरभर भाकरी चघळत बसल्या होत्या.

जेवण संपत आलं तशी धोंडाबाईंनी कमरेची पिशवी सोडली. तिच्यातून वर्तमानपत्राच्या कागदाच्या बारीक पुड्या काढल्या, आठ. एकेकीला एकेक दिली. मग शेवटची, स्वतःची, हातात घेऊन त्या थांबल्या. माझ्याकडे पाहिलं. "पावनी आलीय," म्हणाल्या, आणि ती पुडी माझ्या हातावर ठेवली.

मी उघडली. आत अर्धी गोळी होती. कात्रीनं मधोमध कापलेली, आमच्या रुग्णालयातली, मी स्वतः मोजून दिलेली गोळी.

क्षणभर मला काय बघतेय तेच कळेना. समोर सात बायका अर्धी अर्धी गोळी तोंडात टाकून वर पाणी पीत होत्या.

"हे काय आहे, मावशी?" माझा आवाज चढला. "ही तुमची गोळी आहे. तुमची एकटीची. चार गोळ्या रोज तुमच्या पोटात जायला पाहिजेत, आणि तुम्ही अडीच महिने अर्धी खाताय? आणि ती पण कापून? तिच्यावर कवच असतं, ती मोठ्या आतड्यात जाऊन विरघळावी म्हणून. कापली की वरच्या वर विरघळून जाते. म्हणजे तुम्ही काहीच घेतलं नाही. तिकडे सर तुमचं आतडं काढायला निघालेत आणि इकडे तुम्ही प्रसाद वाटताय."

मी आणखीही बोलले. ते सगळं लिहीत नाही, कारण त्यातलं निम्मं मला माघारी घ्यावं लागलं.

माझा श्वास संपला तेव्हा धोंडाबाई म्हणाल्या, "तूच म्हनली व्हती ना. पुडीत बांधून शेजारनीला द्यायचं, मंग समदं शांत व्हतंय. ते बारीक तुकडं ह्या गोळीतच असत्याल, असं मला वाटलं. तिथं पेशी वाटून खात्यात म्हनली, आन मी एकटी खाऊ व्हय?"

गोळी हे जुनं, साधं औषध आहे, तिच्यात मायक्रोआरएनए नसतात, आम्ही ते फक्त मोजतो, हे मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. माझ्या दृष्टीनं ते इतकं उघड होतं. तीन जणांना अभिमानानं ऐकवलेल्या त्या भाषणानं एका बाईचे अडीच महिने खाल्ले होते. मला मनापासून लाज वाटली.

"सुट्टीच्या दिवशी?" मी हळूच विचारलं.

"घराशेजारनी हायेत ना."

"मंग माझे गुडगे कशानं बरे झाले?" टोळीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या भागीबाईंनी विचारलं.

मी लुगड्यावर नीट मांडी घातली आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, या वेळी कमी अभिमानानं. पेशी वाटते हे खरं, पण ती आधी एकाचे शंभर करते आणि मग वाटते. तिचं संपत नाही. गोळीचं तसं नाही. गोळी वाटली की कुणाचीच उरत नाही, आणि ज्यांना आजार नाही त्यांनी ती घ्यायचीही नाही. आधी अस्तरावरची सूज उतरू दे. मग कदाचित ते बारीक तुकडे पुन्हा नीट कामाला लागतील आणि पेशी आपापसात काय वाटायचं ते वाटतील. त्यांच्या वाटपात आपण पडायचं नाही.

बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की मी शुगर सोडून आतड्याबद्दल बोलतेय, रक्त, फेऱ्या, सगळं, आणि टोळी ऐकतेय. धोंडाबाईंनी पदर तोंडावर ओढला होता.

"अग, उघड ते तोंड," सुलाबाई म्हणाल्या. सुलाबाई म्हणजे टोळीतला दोन नंबरचा हात आणि एक नंबरची जीभ. धोंडाबाई गेल्या तर मुकादमी त्यांच्याकडेच जाणार, हे सगळ्यांना माहीत होतं. "आमाला काय आज कळलंय व्हय? शुगरवालीचं रगत पडतंय का? दोन सालापास्नं ठाव हाय."

धोंडाबाईंनी पदर खाली घेतला. "मंग बोलल्या का नाय?"

"तू नाय बोलली, म्हनून आमी नाय बोललो. मालक म्हनतो, टोळी सारखी बांधाला पळती. आमी कशाला पळत व्हतो? तू एकटी गेली असती तं त्यानं तुझ्याकडं बोट दाखवलं असतं. आठी जनी पळायला लागल्यावर कुनाकडं दाखवील? मला तं एकदाबी लागली नव्हती. नुसती बसून यायचे."

"मला लागायची," भागीबाई म्हणाल्या.

कुणीतरी हसलं, मग सगळ्याच हसल्या, धोंडाबाईही. हसता हसता त्या रडायला लागल्या आणि कुणी त्यांना गप्प केलं नाही. मीही वेलींकडे बघत बसले, कारण माझ्याही डोळ्यांत पाणी होतं आणि मी तिथे रुग्णालयाच्या वतीनं गेले होते.

पण धोंडाबाईंचा हेका संपला नव्हता. डोळे पुसून म्हणाल्या, "ते समदं खरं. पन ह्या सात जनी बघत बसनार आन मी एकटीनं चार चार गोळ्या गिळायच्या, हे मला नाय जमायचं. घास उतरनार नाय." मी सांगितलं, घरी घ्या. तर म्हणे, घरी दुपारी कोण असतं, आणि सकाळी पोटात काही राहत नाही. मी चिडले. औषध आहे ते, पुरणपोळी नाही, असं म्हणाले. त्या नुसत्या मान हलवत राहिल्या.

शेवटी सुलाबाईंनीच सोडवलं. "पुड्या आठच बांधायच्या," त्या म्हणाल्या. "तुझ्या पुडीत चार गोळ्या. आमच्या सात पुड्यांत चार चार शेंगदाने. तू गोळ्या गीळ, आमी शेंगदाने खातो. समद्यांची तोंडं एकदम हालतील. आन पुड्या आता मी बांधनार. तुझ्या हाती नाय द्यायच्या."

धोंडाबाईंनी जरा विचार केला. "भाजलेले," म्हणाल्या. "कच्चे नगं, भागीबाईला खोकला व्हतो."

परत येऊन मी रोहित सरांना सगळं सांगितलं. सर आधी माझ्यावर ओरडले, ते रास्तच होतं, मग टेबलावर डोकं ठेवून हसले. इंजेक्शन त्यांनी पुढे ढकललं आणि पुऱ्या डोसवर सहा आठवडे बघू म्हणाले. अभ्यासाच्या फॉर्मवर 'औषध न घेतल्याचं कारण' असा एक रकाना असतो. विसरले, पोट दुखलं, परगावी गेले, असे त्यात तयार पर्याय आहेत. मी 'इतर'वर खूण केली आणि पुढे 'वाटप' लिहिलं. अभ्यासाचे कागद तपासायला आलेल्या माणसानं त्यावर मला पाऊण तास छळलं.

सहा आठवडे मी दर दोन दिवसांनी फोन केला. पहिल्या आठवड्यात फेऱ्या दहाच. दुसऱ्यात आठ. तिसऱ्यात त्या म्हणाल्या, "काल रगत दिसलं नाय. उगा आनंद करू नको, आज बघू." पाचव्या आठवड्यात दिवसाला दोनवर आल्या. डिसेंबरच्या सुरुवातीला नमुने घेतले. सुजेचा आकडा घसरला होता, आणि तळाला पडून असलेले आमचे ते दोन-तीन मायक्रोआरएनए वर सरकले होते. थोडेच, पण वर.

मी त्यांना आलेख दाखवला. या वेळी मात्र मी सावध होते. "हे वाढले म्हणून अस्तर बरं झालं, की अस्तर बरं झालं म्हणून हे वाढले, ते मला माहीत नाही," मी सांगितलं. "एकट्या तुमच्यावरून तर मुळीच सांगता येणार नाही. शिवाय आजार पूर्ण गेलेला नाही, परत उसळू शकतो. गोळ्या चालूच ठेवायच्या."

"ठावं नाय तं नाय," धोंडाबाई म्हणाल्या. "सोमवारी विरळणी लागतीय. एवढं सांग, उभी ऱ्हाते का नाय?"

"तेही मला माहीत नाही, मावशी."

"शिकली येवढी आन काईच ठावं नाय," त्या म्हणाल्या आणि उठल्या.

सोमवारी मी रजा टाकली. आईला सांगितलं, नमुने आणायचेत, म्हणजे तिनं पुढे काही विचारलं नाही. बागेत पोचले तेव्हा टोळी ओळीत उभी होती, धोंडाबाई सगळ्यांच्या पुढे. मालक बांधाजवळ मोटारसायकलला टेकून उभा होता, उगाचच, आणि कशासाठी उभा होता ते सगळ्यांना कळत होतं. नऊ वाजले. दहा वाजले. कात्र्यांचा बारीक आवाज, खाली पडणारे हिरवे मणी, कुणीही जागा सोडलेली नाही. अकरा वाजता माझी मान दुखायला लागली, त्यांची नाही.

साडेअकराला धोंडाबाईंनी कात्री कनवटीला खोचली आणि त्या ओळीतून बाहेर पडल्या. भराभरा बांधाच्या दिशेनं चालायला लागल्या.

एकेक करून सगळ्या कात्र्या थांबल्या. भागीबाईंनी डोळे मिटले. मालक मोटारसायकलवरून सरळ झाला. सुलाबाईंनी हातातली कात्री खाली ठेवली आणि लुगडं सावरत त्याही बांधाकडे निघाल्या. मागोमाग आणखी दोघी हलल्या. सहा आठवड्यांची सगळी मेहनत पाण्यात गेली असं मला वाटलं.

धोंडाबाई बांधाच्या अलीकडे, ओळीच्या टोकाला जाऊन थांबल्या. वळल्या. कपाळावर हात धरून, डोळे बारीक करून त्यांनी ती अख्खी ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याहाळली. घड सारखे दिसतायत का ते लांबून बघायचं, हे मुकादमाचं काम. मग त्या तशाच माघारी आल्या आणि निम्म्या वाटेत पोचलेल्या सुलाबाईंच्या पुढ्यात उभ्या राहिल्या.

"कुठं निघाली? लागलीय तुला?"

"नाय," सुलाबाई म्हणाल्या.

"मंग उनाडायला निघाली? चौथ्या वेलीला तूच व्हती ना? वरून विरळ आन पोटात गच्च. लांबून दिसतंय. आंधळ्यानं केल्यावानी हात फिरवलाय. पुन्ना कर. आन तुमी बाकीच्या कशापायी थांबल्या? मी मेले का काय?"

पटापट सगळ्या आपापल्या वेलीखाली गेल्या. भागीबाई माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि पदरानं नाक पुसत म्हणाल्या, "दोन साल झाले. एका शब्दानं रागावली नव्हती ग कुनाला. सोता सारखी जागा सोडायची, मंग आमाला काय बोलनार?" मालकानं मोटारसायकलला किक मारली आणि तो दुसऱ्या बागेकडे निघून गेला.

सुलाबाई, ज्या उभ्या जन्मात कुणाचं एक ऐकून घेत नाहीत, त्या चौथ्या वेलीखाली गेल्या, तिथला घड हातात धरला आणि चेहऱ्यावरचं हसू दिसू नये म्हणून मान आणखी वर करून कामाला लागल्या.